चुकीची पॅकेटे पाठवणारे गावंडे सर

गावंडे सरांची आणि माझी पहिली भेट अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाली. मी तिसऱ्या वर्षाला होते. राउटर जोडून, व्यवस्थित चालवून मी शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. सर म्हणाले, "चांगलं पॅकेट तं कोनीबी पुढं धाडते. वंगाळ आलं तं काय करते, थे दाखव." बाकीचे शिक्षक यंत्र चालले की गुण देत. हे गृहस्थ ते अडखळावे म्हणून जिवाचे रान करत होते.

या विषयाची ओळख नसलेल्यांसाठी थोडे सांगते. इंटरनेटवरची माहिती लहान लहान पॅकेटांतून जाते आणि राउटर हे यंत्र ती पॅकेटे पत्त्यानुसार पुढे धाडते. प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला पत्ता, लांबी असे रकाने असतात आणि त्या रकान्यांवरून काढलेला पडताळ्याचा एक आकडाही असतो. तो जुळला नाही तर राउटरने ते पॅकेट टाकून द्यायचे. सर मुद्दाम बिघडवलेले रकाने पाठवून राउटर पारखतात. बडनेरा रस्त्यावरच्या त्यांच्या तपासणीशाळेत एका रकान्यात नापास झाले की पुढची तपासणी बंद, अशी शिस्त आहे.

मागच्या वर्षी आमच्या अकोल्याच्या छोट्या कंपनीचा पहिला राउटर मी त्यांच्याकडे नेला. तेल्हाऱ्याकडच्या दवाखान्यांतले एक्स-रे अकोल्याच्या डॉक्टरांना पोचवायचे काम आम्हाला मिळणार होते. अट एकच, सरांचा दाखला. सरांनी पडताळ्यातच नापास केले. आकडा चुकलेली पॅकेटे आमचा राउटर खुशाल पुढे पाठवत होता म्हणे! मला धक्काच बसला. काम हातचे जायची वेळ आली आणि सहकारी पुण्याला नोकऱ्या शोधू लागले. मी सरांवर चिडले होते, चांगलीच चिडले होते.

आणि एके दिवशी सर स्वतः संगणक घेऊन अकोल्याला आमच्या दारात उभे राहिले. पाणीही न घेता त्यांनी सगळ्यांना बोलावले. "पोरी, तुह्या राउटरचा काई दोष नाई. चूक माही हाये."

तपासणीशाळेत नवा संगणक आला होता. त्याचे नेटवर्क कार्ड बाहेर पडणाऱ्या पॅकेटचा आकडा आपणहून दुरुस्त करत होते आणि ती सोय बंद करायची राहून गेली होती. सर चुकीची समजून पाठवत होते ती पॅकेटे तारेवर पडताना बरोबर झालेली असत! आमच्या राउटरने ती पुढे नेली, यात त्याचे काहीच चुकले नव्हते.

ज्यांच्यापुढे आम्ही मान वर करत नाही ते सर आमच्यापुढे हात जोडून उभे होते. मी कशीबशी म्हणाले, "सर, फोन केला असता तरी चाललं असतं."

"नापास समोरासमोर केलं न मी तुले? मंग माफी फोनवर काहून मागू?"

ती सोय बंद करून सरांनी तिथेच पुन्हा तपासणी केली. पडताळ्यात पास! टाळ्या पडल्या. सर मात्र पुढच्या रकान्याकडे वळले होते. पॅकेटने अजून किती राउटर ओलांडायचे, तो आकडा प्रत्येक राउटरने एकाने कमी करायचा असतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून द्यायचे असते. नाहीतर वाट चुकलेले पॅकेट फिरतच राहते आणि सगळी वाट तुंबते. आमचा राउटर तो कमी करतच नव्हता. सरांनी मान वर केली.

"हे मात्र तुही चूक हाये, बाई. नापास."

माफी मागायला आलेल्या माणसाने आम्हाला पुन्हा नापास केले होते! माझा सहकारी काकुळतीला आला, "सर, आता तरी..."

"तिकडं पेशंट टेबलावर असन अन् त्याचा एक्स-रे तारेतच गोल फिरून राह्यला असन, तं चालन का तुले?"

मग सर संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर ती चूक शोधत बसले, आमच्याच डब्यातली भाकर खाऊन. पुढच्या खेपेला आमचा राउटर सगळ्या रकान्यांत पास झाला. आज तेल्हाऱ्याचे एक्स-रे त्यातूनच येतात.

सर, साठी पूर्ण करताना आपणांस निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. आमचा दुसरा राउटर तयार आहे. आपल्या हातून एकदा नापास झाल्याशिवाय तो कुठल्याही दवाखान्यात पाठवायची माझी छाती होत नाही.