एक ते पाचचा रकाना

इथे परदेशात, चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात, माझं काम एवढंच होतं, की बँकेचा कुठला ग्राहक आपलं कार्ड बंद करणार, हे त्याच्या आधी बँकेला सांगायचं. बऱ्याचदा बरोबर यायचं. त्यामुळे आपल्याला माणसं कळतात, असा एक माज माझ्या अंगात आला होता. तशात विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर गावाहून मेव्हण्याचा फोन आला. तो एका उमेदवाराचा प्रचार सांभाळत होता. "दाजी, मतदार याद्या पाठवतो. आपला कोण, परका कोण, तेवढं काढून द्या."

बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये दोन शनिवार-रविवार बसून मी ते केलं. फुकट, वर हौसेने. प्रत्येक मतदारापुढे एक ते पाच यांतला एक आकडा. पाच म्हणजे नक्की आपला, एक म्हणजे नक्की नाही. आधार मुख्यतः आडनावाचा. आडनाव ऐकलं की माणसाला मनात कुठे बसवायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मी तेच कॉम्प्युटरला शिकवलं आणि त्याला मॉडेल म्हटलं. जी आडनावं दोन-तीन समाजांत चालतात, तिथे मॉडेल अडायचं आणि रकाना रिकामा सोडायचं. "ओळखीचे असतील ते तुम्हीच भरा," मेव्हणा म्हणाला. त्या रिकाम्यांत माझ्या एका मित्राच्या आईचं नाव होतं. मित्र आमच्याच गावचा, संशोधक, इथे दोन ब्लॉक सोडून राहणारा. मी तिच्यापुढे एकचा आकडा टाकला आणि पुढच्या नावावर गेलो. आकडे कशासाठी हवेत, हे विचारलंसुद्धा नाही.

मतदानानंतरच्या रविवारी आम्ही दोघं हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी घेत बसलो होतो. मित्र वैतागला होता. त्याच्या आईने आजवर एकही मतदान चुकवलं नव्हतं. यंदा गुडघे साथ देत नव्हते, पण म्हाताऱ्या माणसांना न्यायला उमेदवाराची गाडी येणार, असं गल्लीत कळलं होतं. इस्त्रीची साडी नेसून, हातात मतदार चिठ्ठी घेऊन ती सकाळपासून ओट्यावर बसली. गाडी आली, शेजारच्या दोघींना घेऊन गेली. पुन्हा आली, पलीकडच्या आजोबांना घेऊन गेली. तिने विचारलं, तेव्हा ड्रायव्हरने फोनवर यादी पाहिली आणि म्हणाला, तुमचं नाव नाहीये, आजी. ती चालत निघाली, चौकापर्यंत गेली आणि परत फिरली.

"विसरले असतील, म्हणते," मित्र म्हणाला. "पण रोज फोनवर विचारते, माझंच नाव कसं राहिलं? मतदार यादीतूनच उडालंय का? तुझं याच्यात डोकं चालतं, बघ ना जरा."

"बघतो," मी म्हणालो.

त्यानंतरचे आठ दिवस माझं बूड एका जागी टेकेना. ऑफिसात जेवायला उठायचो आणि न जेवता परत यायचो. एकदा उतरायचं विसरलो आणि गोल फिरणाऱ्या एलआरटी ट्रेनमधून अख्खी फेरी मारून पुन्हा त्याच स्टेशनवर आलो. मेव्हण्याला फोन लावला.

"चार-पाचवाल्यांनाच गाडी, दाजी. डिझेल काय फुकट येतं?" उमेदवार निवडून आला होता, त्यामुळे तो खुशीत होता. "उन्हाळ्यात टँकर कुठल्या गल्लीत आधी पाठवायचा, ते पण याच यादीवरून ठरवू."

यादी पुसून टाक म्हणालो, तर तो हसला. मला स्वतःची लाज वाटत होती आणि भीती त्याहून जास्त. मित्राला मेसेज लिहायचो, खोडायचो. एकदा तर 'तांत्रिक चूक' असंही लिहिलं. चूक कसली, यादी हवी तशीच चालली होती.

शेवटी त्याला ब्लॉकखाली बोलावलं आणि यादी माझी होती, हे सांगून टाकलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. तो बाकावर बसला.

"आडनावावरून केलंस?"

"हो."

"पण आमच्या आडनावाचे सगळ्या समाजांत आहेत. त्यावरून काही कळायला नको."

"मॉडेलला नाहीच कळलं. रकाना रिकामा होता. तो मी भरला."

"आई कुणाला मत देते, हे तिने मलाही कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "तुला कसं कळलं?"

"तुमच्याकडे बुद्ध पौर्णिमेची खीर खायला येतो ना," मी म्हणालो, "त्यावरून."