बसल्याची सही

मार्चचा दुसरा मंगळवार. सर्वसाधारण सभा, बैठक भत्ता साठ रुपये. हजर: अध्यक्ष, एकोणीस नगरसेवक आणि प्रेक्षकांच्या बाकावर मी एकटा. त्या एकोणिसांत आमच्या गल्लीतले मेंबर होते. त्यांची ती शेवटची सभा.

बाकीचे नगरसेवक येताच हजेरीपुस्तकात सही करून चहाला पसार होत. सही झाली की भत्ता पक्का. मेंबर मात्र सभा संपल्यावर सही करत. म्हणायचे, "आल्याची सही काय करायची? बसल्याची करतो."

निवडणुकीत त्यांनी मला पाडलं होतं. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात हिशेब बघणारा. त्यांचं बुवापाड्यात पंखे-मोटारी दुरुस्तीचं दुकान. ते कधीतरी चुकतील, म्हणून मी प्रत्येक सभेला जाऊन बसे.

एकदा सभा चालू असताना एक बाई दारात आली. "मेंबर, नळाला नुसता गाळ येतोय, चला ना." ते उठून गेले, ते परत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी क्लार्क म्हणाला, "करून टाका सही, कोण बघतंय?"

"अर्धाच बसलो. अर्धी सही चालेल का?"

गल्लीभर कौतुक. सोसायटीचा खजिनदार असून तिच्या पैशातून मीही कधी चहा प्यायलो नव्हतो, पण मला लोक चिक्कू म्हणत.

"मेंबरांचं तत्त्व आहे हो ते," आमची ही म्हणाली.

"आणि माझं?"

"तुमचा स्वभाव."

त्या मार्चच्या सभेत ते शेवटपर्यंत बसले. संपताच छाती चोळत थेट खाली उतरले, रिक्षाने दवाखान्यात गेले. सही राहिली. तिसऱ्या दिवशी मेंबर वारले.

सही नाही, तर भत्ता नाही. साक्ष कोण देणार? बाकीचे नगरसेवक चहाला गेलेले. अध्यक्ष म्हणाले, "समोर होते खरे, पण उठले कधी ते कसं सांगू?"

मी अर्ज लिहून दिला. सभा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मेंबर जागेवरून हलले नाहीत.

"एवढं खात्रीने कसं सांगता, काका?" क्लार्कने विचारलं.

"दुसरीकडे बघतच नव्हतो."

अर्ज मंजूर झाला. घरी सांगितलं, तर ही डोळे पुसत म्हणाली, "माणसं जोडली होती हो मेंबरांनी."

नंतर मी सभेला गेलो नाही. बघण्यासारखं कोणी उरलं नव्हतं.

भत्ता साठ रुपये, रोख, मेंबरांच्या पत्नीला. श्रेय, याही वेळी, मेंबरांना.