न फुटलेली पट्टी

जर्मनीत सहा महिने काय केलंस, असं कुणी विचारलं की मी सांगते, लोकांच्या तळघरात जाऊन भिंतीच्या भेगा बघितल्या. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगी थट्टा करतेय. थट्टा कसली! त्या शहरात जमिनीखालून रेल्वेचा बोगदा चालला होता, आणि वरच्या जुन्या घरांना त्याचा धक्का बसतोय का हे बघायचं काम एका लहानशा कंपनीकडे होतं. तिथे मी इंटर्न होते. सिव्हिलचं शेवटचं वर्ष, आणि तलासरीकडच्या आमच्या पाड्यावरून विमानात बसलेली पहिलीच पोर.

काम सोपं होतं. भेगेवर आडवी जिप्समची पट्टी लावायची, बोटभर जाड, वीतभर लांब. सुकली की तिच्यावर पेन्सिलीने तारीख घालायची आणि दर आठवड्याला जाऊन बघायचं. पट्टी धड असेल तर भिंत जागेवर आहे. केसाएवढी चीर जरी गेली असेल तरी भिंत हलतेय. फुटलेली पट्टी काढायची नाही, तिच्या शेजारी नवी लावायची. कंपनीत माझ्या वरची बाई पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. ती मला एकदाच शिकवायची, दुसऱ्यांदा विचारलं की नुसती बघायची.

बाकी दिवस काय, जायचे. माळ्यावरची एक खोली, तिला तिरकं छप्पर, उठताना रोज डोकं आपटायचं. डहाणूहून नेलेले सुके बोंबील एकदाच भाजले, तर दुसऱ्या दिवशी दाराला चिठ्ठी. रविवारी भांडं आपटलं तरी खालचा म्हातारा काठीने छत वाजवायचा. चार वाजता अंधार पडायचा आणि मी पाव खात खिडकीशी बसायचे. रडायचे, खोटं कशाला सांगू?

पण माझा जीव टांगणीला लागला होता तो घरच्या भिंतीपायी. आमच्याकडे जमीन हलते. हे काही नवं नाही, कितीतरी वर्षं चाललंय. कधी महिनाभर काही नाही, कधी एका दिवसात तीनदा. आधी जमिनीच्या पोटात घुर्र होतं, मग भांडी वाजतात. आमचं जुनं घर कुडाचं होतं, कारवीचं. ते डुलायचं आणि थांबायचं. मी बारावीला असताना बाने ते पाडून विटांचं घर बांधलं. विटा मातीत बसवलेल्या, आतून शेणामातीचं लिंपण, वर सिमेंटचे पत्रे. पक्कं घर म्हणून बा किती मिरवला होता! त्या पक्क्या घराच्या आतल्या भिंतीला मी निघायच्या आदल्या महिन्यात खालपासून वरपर्यंत भेग गेली. तेव्हापासून आय आणि बा अंगणात ताडपत्रीखाली राहत होते. चूलसुद्धा बाहेर मांडवात आणलेली.

आयला दमा. पावसाळा सरला, थंडी पडायला लागली, आणि फोनवर तिच्या बोलण्यापेक्षा तिची छातीच जास्त ऐकू यायची. बा रोज एकच विचारायचा, "बाय, तू शिकलीस. सांग, आत झोपू का?" पाड्यावर दुसरं कोण सांगणार होतं? मीच.

मग मला अक्कल सुचली. म्हटलं, आपण इथे करतो तेच तिथे का नाही? बाला म्हटलं, तलासरीच्या दुकानातून पीओपी, म्हणजे जिप्समची भुकटी, आण. भेगेवरचं लिंपण खरवडून वीट उघडी कर, तीन ठिकाणी पट्ट्या लाव, वर तारीख घाल, आणि दर रविवारी फोटो पाठव. बा चौथी शिकलेला, पण हाताचा पक्का. पट्ट्या अशा लावल्या की आमच्या बाईनेसुद्धा फोटो बघून मान डोलावली. आयला मात्र आवडलं नाही. दिवाळीच्या तोंडावर तिने सगळं घर नव्याने लिंपलं होतं, बाहेर राहत असूनसुद्धा. "माझ्या भिंतीला खरूज झाल्यासारखी दिसते," म्हणाली. मी हसले. म्हटलं, "आय, त्या पट्ट्या माझ्या समज. मी तिथे नाही, तर माझ्या बदल्यात त्या भिंतीकडे बघतायत. त्यांना जप."

हे वाक्य मी बोलले. माझ्या तोंडाने.

रविवारमागून रविवार फोटो आले. पट्टी धड. बा खूश, मी खूश. मधे दोन धक्के चांगले जाणवले, मांडवातली हंडी पडली असं बा म्हणाला, तरी पट्टी धडच. डिसेंबर सरत आला आणि एका संध्याकाळी आयला श्वासच घेता येईना. जीप करून कासाच्या दवाखान्यात नेली, सुई दिली, वाफ दिली, घरी आणली. डॉक्टरने बाला एवढंच सांगितलं की हिला थंडीत बाहेर झोपवू नका.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या बाईसमोर फोन धरला. सगळे फोटो दाखवले. विचारलं, "दोन महिने पट्टी फुटली नाही, म्हणजे भिंत थांबली ना?" ती म्हणाली, "मी हात लावून बघितल्याशिवाय कुठल्याच भिंतीबद्दल बोलत नाही." मला राग आला. वाटलं, तुला काय जातंय गं, तुझी आय नाही उघड्यावर खोकत. उंटावरून शेळ्या हाकू नयेत हे तिला कळत होतं, मला नाही. त्याच दुपारी मी बाला फोन केला आणि ठणकावून सांगितलं, "आत झोपा. भिंत पक्की आहे."

जानेवारीतली गोष्ट. मी एका तळघरात वाकून पट्टी वाचत होते, सकाळचे साडेनऊ झाले असतील, म्हणजे आमच्याकडे दुपारचे दोन. धक्का फार मोठा नव्हता. पाड्यावर दुसऱ्या कुणाचं कौलसुद्धा सरकलं नाही. आमची आतली भिंत बसली. बा चिकूच्या वाडीत मजुरीला गेला होता. आय भिंतीला लागून निजली होती, दुपारचं ऊन पत्र्यावर असतं म्हणून तिथे ऊब असायची. कासाच्या वाटेवर जीपमध्येच गेली.

शेजारी राहणाऱ्या काकूने फोन केला. बा बोलू शकत नव्हता. मी तिथेच तळघराच्या पायरीवर बसले. बाईने माझ्या हातातली वही घेतली, राहिलेल्या पट्ट्या स्वतः वाचल्या, मग मला घरी सोडलं. तिकीटही तिनेच काढून दिलं. मी तिचे आभार मानले की नाही, आठवत नाही.

आयचे दिवस व्हायच्या आत पोचले. बा अंगणात ताडपत्रीखाली बसला होता, पुन्हा तिथेच. घरात कुणी जात नव्हतं. मी गेले. विटांच्या ढिगात मी पट्ट्या शोधायला लागले. काकू दारातून ओरडत होती, अगं बाहेर ये, वेडी का तू! मला एकच बघायचं होतं, पट्टी न फुटता भिंत पडतेच कशी?

एक सापडली. विटेला चिकटलेली, वर तारीख. उचकटून बघितली तर खाली आणखी एका पट्टीचे तुकडे होते, खरवडून राहिलेले. आणि त्याखाली आणखी.

मी बाहेर येऊन काकूला विचारलं. ती बाच्या दिशेने बघत हळूच म्हणाली, "तुझी पट्टी दर दोन-चार दिवसांनी तडकायची. तुझी आय घाबरायची. म्हणायची, पोरीच्या नावाची पट्टी, पोर परमुलखात एकटी, फुटकी कशी राहू देऊ? तुझा बा वाडीत गेला की खरवडून नवी लावायची. उरलेली भुकटी तिने डब्यात जपून ठेवली होती."

आमच्याकडे लग्नात भिंत लिंपून तांदळाच्या पिठाने चौक काढतात. आयचा हात त्यात इतका बसलेला की चार पाड्यांवरून बोलावणं यायचं. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून फुटक्या पट्टीवरची तारीख बघून बघून तिने नवीवर जशीच्या तशी काढली होती, पानं-फुलं काढावीत तशी. बाला फरक कळला नाही. फुटलेली पट्टी काढायची नाही हे मी बाला सांगितलंच नव्हतं. मला वाटलं होतं, ती काढेल तरी कोण?

मला आयचा राग आला. सांगायला लाज वाटते, पण आला. असा राग की तिच्या फोटोसमोर दिवा लावताना माझे दात आवळले जात होते. अगं आय, फुटली म्हणून एकदा सांगायचं तरी! एकदा! मी अपशकुन मानला असता का? मी हसले असते आणि म्हटलं असतं, बाहेरच झोप, मी गोधड्या पाठवते.

त्याच दिवशी दुपारी बाने मला जवळ बोलावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बोलला. "बाय, पट्टी तर शेवटपर्यंत धड होती. मी स्वतः फोटो काढले. मग भिंत पडली कशी?" काकू ताटं घासत होती, तिचा हात थांबला. बाला खरं सांगितलं तर तो उरलेलं आयुष्य आयच्या नावाने कपाळ बडवत राहणार, किंवा स्वतःच्या, की आपल्याच घरात चाललेलं आपल्याला दिसलं नाही. मी म्हटलं, "बा, माझं चुकलं. तिकडची पद्धत आपल्या मातीच्या भिंतीला चालत नाही. मला कळायला हवं होतं."

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "तू सात समुद्रापार, तुला तिथून काय दिसणार होतं?"

दिसलं असतं. फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहेत, ओळीने अकरा. तारखेतला पाच बा काढतो तो उघडा, घाईचा, खाली शेपूट सोडलेला. दुसऱ्याच फोटोपासून पाच गोल आहे, सावकाश काढलेला, शेपूट नीट वळवून आत घेतलेलं. आंधळ्यालाही कळेल की हात वेगळा आहे. दर रविवारी फोटो यायचा, मी एक अंगठा पाठवायचे आणि पाव कापायला उठायचे. अकरातला एकही फोटो मी मोठा करून बघितला नाही.