तांबडीपलीकडची माणसं

महेंद्र रहिमतपूरहून सांगलीला डिप्लोमा करायला आला ते साल १९९१. वसतिगृहात त्याच्या खोलीत इस्लामपूरकडचा जयराज होता. घरची ऊसबागाईत, चुलता फौजेत अधिकारी. त्या चुलत्यानं दिल्लीहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं, खेळाचं. एकानं प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी त्यातला एकेक माणूस व्हायचं, आपला माणूस काय करतो ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशांवर ठरवायचं.

पुस्तकातले बर्फातले किल्ले पोरांच्या पचनी पडेनात. मग महेंद्रनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःचा मुलूख काढला. तांबडी नदी, तिच्या दोन्ही काठांवर बारा गावं. एकाही गावाला वेस नव्हती. महेंद्रचा आजा छप्पन साली बौद्ध झाला होता, पण त्याचं घर वेशीबाहेर होतं ते तिथंच राहिलं. हे महेंद्र कधी बोलला नाही.

चौऱ्याण्णवला त्याला शिरवळच्या कारखान्यात नोकरी लागली. तिथं त्यानं चार कामगार जमवले आणि त्याच मुलखात व्यापाराचा खेळ सुरू केला, पत्त्यांवर चालणारा. रहिमतपुरात त्याची बहीण प्रियंका मैत्रिणींना घेऊन न्यायनिवाड्याचा खेळ मांडायची. फाशांऐवजी चिंचोके. सांगलीत जयराजकडं लढाया चालूच होत्या. खेळ तीन, मुलूख एक. महेंद्रनं नियम घातला होता: एका ठिकाणी घडलं ते तिन्ही ठिकाणी खरं. सांगलीकरांनी पूल जाळला की शिरवळच्या बैलगाड्या अडायच्या, आणि प्रियंकाच्या मैत्रिणी जाळणाऱ्यांवर खटला भरायच्या. बातम्या आंतर्देशीय पत्रांतून जायच्या. त्या दोन वर्षांत महेंद्र जेवता जेवता मधेच हसायचा.

शहाण्णवच्या जूनमध्ये जयराजचं पत्र आलं. मोठी लढाई झाली, तांबडीपलीकडची गावं हरली. यापुढं तिथल्या माणसांनी गावाबाहेर राहायचं, वरच्या घाटावर पाणी भरायचं नाही, पंचायतीत बसायचं नाही. खाली लिहिलं होतं, ‘डाव रीतसर झाला.’

प्रियंकाच्या खेळातली न्यायाधीश पलीकडचीच होती.

रविवारी महेंद्र एस.टी.नं सांगलीला गेला. जयराजच्या खोलीवर डाव रंगला होता. सगळे ओळखीचे, त्यांनी सरकून त्याला जागा दिली.

“हे काय लिवलंयस?” महेंद्रनं विचारलं.

“अरं गड्या, फासं पडलं तसं लिवलं.”

“फाशांना कुणी विचारलं हे? सवाल तर तूच घातलास न्हवं?”

जयराज जरा घुटमळला. “राज्य म्हनलं की कुनीतरी खालचं लागतंय. त्याबिगार खरं वाटत न्हाई रं. तुझ्या गावांत समदी सारखीच. लय गुळमट व्हत हुतं.”

“मग तुमी का न्हाई गेलासा बाहेर?”

“आमी जिंकलो,” जयराज म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो मनापासून समजावून सांगत होता, आणि तेच महेंद्रला सोसेना.

“मी हे खरं धरनार न्हाई.”

“नियम तुझाच हाय.”

बाकीचे तिघं नकाशाकडं बघत बसले. महेंद्र चहा न घेता उठला.

शिरवळच्या चौघांना तरी पटेल असं त्याला वाटलं होतं. त्यांनी पत्र वाचलं. कृष्णात म्हणाला, “बरंच झालं की. गाड्या भरायला स्वस्तात मानसं मिळतील.” आणि त्यानं पत्ते पिसायला घेतले. कृष्णात त्याचा रोजचा डबा वाटून खाणारा माणूस.

प्रियंकाला सांगताना महेंद्रनं नजर वर केली नाही. तिनं ऐकून घेतलं.

“दादा, तू तिथं सांगितलंस का, आपण कोण ते?”

“त्यांना म्हाईत हाय.”

“तरी लिहिलं?”

तिच्या मैत्रिणी पुढं दोन रविवार आल्या, मग येईनाशा झाल्या. तिनं बी.एड.चा फॉर्म भरला.

सांगलीचा खेळ मात्र वाढत गेला. नवी पोरं आली, त्यांना तो मुलूख जयराजदादांचा म्हणूनच ठाऊक झाला. अठ्ठ्याण्णवला जयराजच्या लग्नाची पत्रिका आली. मागच्या बाजूला चार ओळी होत्या: ‘नक्की ये. आणि तांबडीच्या उगमाकडचा नकाशा तू कधी काढलाच नाहीस. पोरं खोळंबलीत. पाठव.’

उगमाकडचा एकेक ओढा महेंद्रला पाठ होता. वर एक तळं होतं, त्याच्या काठी तेरावं गाव, पोरांना कधीतरी अचानक दाखवायचं म्हणून मनात राखून ठेवलेलं. त्यानं पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं, ‘तिकडं काही नाही. नुसता खडक आहे.’

लग्नाला तो गेला नाही. दिवाळीत जयराजचं उत्तर आलं. त्यांनी वरचा भाग स्वतःच काढला होता, तिथं एक किल्ला बांधला होता, आणि किल्ल्याच्या दगडांसाठी पलीकडची माणसं वेठीला धरली होती. ‘झकास झालाय डाव,’ असं त्यानं लिहिलं होतं, आणि महेंद्रच्या आईला नमस्कार सांगितला होता.