चाचांचे हात आणि नालीची जाळी

सभेत मला माइक लागत नाही. नगरपालिका असो, दुकानदार असोत, पुड्या खाऊन फेकणारे असोत — चौकात उभी राहून सगळ्यांना तोंडावर बोलते. पण एक गोष्ट आजवर या तोंडातून निघाली नाही. आईपुढं नाही, सोबत पत्रकं वाटत हिंडणाऱ्यांपुढं तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — जात नाहीये.

आधी आमची गल्ली सांगते. धाराशिवात, बाजाराच्या मागं. गल्लीच्या तोंडाशी रशीदचाचांचं दुकान, कापूस पिंजून गाद्या-उशा भरायचं. सकाळी त्यांच्या पिंजायच्या धनुकलीची तात वाजायला लागली की आई म्हणायची, ऊठ, चाचा लागले कामाला. तो आवाज कसा सांगू? ढुंग-ट्रुंग, ढुंग-ट्रुंग — कानात नाही, पोटात वाजायचा. उन्हात कापूस उडायचा, शाळेला जाताना माझ्या वेण्यांवर बसायचा. चाचा हसायचे, "बेटा, म्हातारी झालीस की गं!" दुकानासमोरून उघडी नाली वाहायची. काय असायचं तिच्यात? लिंबाचा पाला, कांद्याची सालं, चाचांचा उडालेला कापूस. बस्स.

मी कॉलेज करून स्वच्छतेच्या मोहिमेत पडले तोवर त्याच नालीत कॅरीबॅगा, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलच्या पत्रावळ्या. पाऊस आला की सगळं वाहत गावाबाहेर, ओढ्यात. मला संताप यायचा. अजून येतो.

म्हणून आम्ही जाळी बसवली — नाली जिथं रस्त्याखालच्या मोठ्या नाल्यात उतरते तिथंच, चाचांच्या पायरीला लागून. कचरा जाळीला अडेल, आम्ही पाळीपाळीनं तो काढू, पाणी तेवढं पुढं जाईल. पत्रकावर चित्रासकट छापलं होतं हे. सुरुवातीला सगळे आले, फोटो काढले. मग? मग ज्याला त्याला कामं. उरले मी — आणि मला भाषणं होती.

जोराचा पाऊस आला की तुंबलेली जाळी पाणी अडवायची. मग चाचा पायरी उतरून तिला सरळ उचलायचे, बाजूला ठेवायचे. अडलेला कचरा सगळा पुढं! एकदा मी भर गल्लीत भांडले.

"चाचा, मग जाळी बसवली कशाला आम्ही?"

"बेटा, तुझी जाळी म्हंजे माझी सासू. पाऊस आला की तिला आधी उचलून बाजूला बसवावं लागतं. न्हाय तर घर बुडवती."

गल्ली हसली. ते हसणं मला लागलं. इतकंच — इतक्याशा गोष्टीवरून. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा नमाजाला गेले, तेव्हा मी बांधकामावरची बारीक तार आणली आणि जाळी मागच्या कोपऱ्यात, खालून, सिमेंटातल्या गजाला आवळून टाकली. वरून दिसू नये अशी. चाचांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. त्या आठवड्यात जाळी साफ करायची पाळी माझीच होती. तीही केली नाही.

आणि पाऊस आला. मी एका कॉलेजात भाषणाला गेले होते — नाल्या का तुंबतात, यावरच बोलत होते. परतले तर गल्लीत गुडघाभर पाणी, दुकानात शिरलेलं. कुणाच्या तरी लेकीच्या आंदणाच्या गाद्या चाचांनी भरून ठेवल्या होत्या. त्या पाणी पिऊन फुगून पडलेल्या. चाचा पाण्यात वाकून जाळी ओढत होते. सगळा जीव लावून. येत नव्हती. कशी येईल?

सरका चाचा, मी बघते, म्हटलं. गढूळ पाण्यात हात घातला, चाचपडून तार सोडवली, मुठीत दाबली. मग जाळी उचलली. पाणी घोंघावत खाली गेलं.

"आरं, पोरीनं एका झटक्यात उचलली की!" कुणीतरी ओरडलं. "चाचा, आता धनुकली ठेवा खुंटीला!"

सगळे हसले. मीही — हो, मीही हसले. काही बोलायची गरजच नव्हती हो. नुसती मूठ उघडली असती तरी पुरलं असतं. चाचा तेवढे हसले नाहीत. आपले तळवे उलटेसुलटे करून बघत राहिले. "हात गेले, बेटा," म्हणाले.

पुढच्या पत्रकात मी लिहिलं, या नुकसानीला नालीत कचरा टाकणारे जबाबदार. ठळक अक्षरात.

धनुकली खरंच खुंटीला लागली. काम घेऊन येणाऱ्यांना चाचा म्हणायचे, आता न्हाय होत, जोर न्हाय राहिला. मी समोरून जायचे. ऐकायचे. थोड्याच महिन्यांत ते दुकान सोडून परंड्याला लेकीकडं गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि त्या कव्हरांच्या पिशव्या येऊन जाळीला अडतात. जाळीला बिजागरी बसवलीय, पावसाच्या आधी ती साफही होते. दुसऱ्या गल्ल्यांत मी ठासून सांगते — जाळी आवळायची नाही, साफ करायची. ताई, हे कुठं शिकलात? कुणी विचारतं. मी म्हणते, अनुभव.

माझी उशी अजून चाचांनी भरलेलीच आहे. सकाळी जाग येते, कान आपोआप गल्लीच्या तोंडाकडं जातात. गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात.

परंड्याला एसटी रोज जाते. मी एकदाही बसले नाही.

चाचांच्या हातांत जोर होता. जाळी तारेनं बांधलेली होती, आणि ती तार मी बांधली होती.