छाटलेला कोपरा

"कोपरा आपला हाय, पण वळायचं समद्यांला हाय," असं बन्सीतात्या म्हणायचे. बांधाच्या भांडणात म्हणायचे, सोयरिकीच्या बैठकीत म्हणायचे. सून पूजा नवी आली, तेव्हा तिच्या हातची कपबशी घेतानाही हेच म्हणाले होते.

कर्जतच्या जुन्या पेठेत त्यांचं घर गल्लीच्या ऐन वळणावर. वडिलांनी बांधताना कोपरा पुरुषभर उंचीपर्यंत तिरका छाटून घेतला होता. जागा मालकीची, तरी सोडलेली. कडब्याची गाडी वळावी, वरात वळावी, तिरडी वळावी म्हणून. वळणावरच्या घरानं असं सोडायचं, ही त्या गल्लीची रीत. कुठं लिहिलेली नाही, पण कुणी मोडलेलीही नाही.

मुलगा रविराजनं घर नवं करायला काढलं. सरळ रेषा, करड्या फरशा, काचेचा कठडा. नमुना पूजानंच मोबाईलवर पसंत केला. तात्यांनी एवढंच मागितलं, की कोपरा सोड.

"तात्या, बैलगाड्या कुठं राहिल्यात आता? हॉल चौकोनी पायजे, न्हाईतर सोफा बसत न्हाई."

तात्या कांदा काढायला शेतातल्या वस्तीवर राहायला गेले, आणि तेवढ्यात कोपरा भरून निघाला. पूजाला ते ठाऊक होतं. हॉल देखणा दिसत होता, म्हणून ती गप्प राहिली.

वास्तुशांत तोंडावर आली असताना गल्लीच्या टोकाची लंकाबाई गेली. तात्या तिला अक्का म्हणत. पुढचा खांदा त्यांचाच होता. तिरडी वळणावर आली आणि अडली. एका अंगाला नवी भिंत, दुसऱ्या अंगाला शेजारच्या हनुमंताच्या घराचा ओटा. विसाव्याच्या जागेआधी तिरडी खाली टेकवत नाहीत, म्हणून माणसं तशीच खोळंबली. शेवटी एक बाजू उचलून तिरपी केली. म्हातारी सुतळीत घसरली, तिचे पाय करड्या फरशीला घासले. कुणी शब्द काढला नाही.

अंघोळ करून तात्या ओल्या अंगानंच रविराजपुढं उभे राहिले.

"जित्तेपनी त्या बाईनं कुनाला धक्का लावला न्हाई. तुझ्या सोफ्यापायी मढं भिताडाला घासलं तिचं! फोड तो कोपरा."

"कॉलम हाय तिथं, तात्या. अन् जागा आपल्या नावावर हाय. कोन काय म्हनलं का?"

"कुनी म्हनलं न्हाई, हीच लाज हाय! एकानं तरी शिवी हासडायला पायजे हुती मला."

रविराजनं कोपरा फोडला नाही. वास्तुशांतीला पाहुणे जमले, गुरुजींनी घरच्या वडीलधाऱ्याला आत बोलावलं. तात्या फेटा बांधून आले होते, पण गल्लीतच थांबले.

"मी न्हाई यायचो. आधी गल्लीची वाट सोडा."

पूजा ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आली. "तात्या, पाया पडते. मला ह्यातलं काय..."

"तुला ठावं हुतं, पोरी."

तिनं ताट खाली घेतलं. निरांजन विझलं.

"म्हाताऱ्याचं खूळ हाय, येतील जेवायला," आतून रविराज पाहुण्यांना म्हणाला. तात्यांनी ते ऐकलं. फेटा उतरवून काखेत मारला आणि वस्तीच्या रस्त्याला लागले. हनुमंत ओट्यावरून उठून उभा राहिला. बायका दारादारांत आल्या. गुरुजी आतून हाका मारत होते, तरी पूजा ताट धरून गल्लीतच उभी राहिली, तात्यांच्या पाठीकडं बघत.