जंगलात दिलेली हाळी

जंगलात फिरवणाऱ्या उघड्या जीपमध्ये साठीच्या पुढच्या माणसांना बसू देत नाहीत, असं मी माझ्या वडिलांना सांगितलं. ते खोटं होतं. असा नियम कुठं असल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. चहाच्या कपात बघत मी ते बोललो आणि आबा "आसंल" म्हणून गप्प बसले. त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. मी कालव्यावर नोकरीला लागलो आणि कळप विकला, पण आमच्या गावी, माकणीला, घरामागं चार मेंढ्या त्यांनी अजून ठेवल्यात, करमत नाही म्हणून. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती थेंब घालून जपायची, किती दिवस राहील ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाजूचं दिसायचं बंद झालंय. नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. मी जंगलं बघायला उत्तरेकडं निघणार हे कळल्यावर, कधी काही न मागणाऱ्या या माणसानं मागितलं, "लांडगं म्या लई बगितली. बिबट्या बी बगितला. वाघ तेवढा ऱ्हायला. दिसतंय तवर दाव की एकदा."

त्यावर मी तो नियम सांगितला.

खरं कारण इथं लिहितो. आबा मोठ्यानं बोलतात. माळाच्या या टोकावरून त्या टोकाला बोलायची सवय, ती घरातही गेली नाही. जंगलात येणारी माणसं फोटोत बघितली होती मी. मातकट रंगाचे कपडे, हातभर लांबीचे कॅमेरे. त्यांच्यात पटका बांधून, तंबाखू चोळत, "त्ये बग, त्ये बग!" करणारे आबा मला नको होते. एकावन्नाव्या वर्षी, दोन मुलांचा बाप असताना, मला वडिलांची लाज वाटत होती.

"असला कसला ओ नियम?" बायकोनं विचारलं. मी गाडीची हवा बघायला बाहेर गेलो.

फेब्रुवारी संपत आला होता. बारा दिवसांची रजा, मागच्या सीटवर गादी, चार पाण्याचे कॅन आणि बायकोनं बांधून दिलेले धपाटे, इतके की एखादं लग्नाचं वऱ्हाड जेवलं असतं. निघताना आबा गाडीजवळ आले. रागात होते, तरी सल्ला दिल्याशिवाय राहवेना. "पान्याकडं नजर ठिव. हिंडू नगं लई. जनावर पान्याला येतंयच."

मी मान हलवली. ती त्यांना दिसली की नाही कोण जाणे. मी बाजूला उभा होतो.

येडशीच्या रानात सकाळचे मोर रस्त्यावर होते, कळंबला चहा घेतला आणि तिथून मला खरा मोकळेपणा आला. दोन्हीकडं ज्वारीची काढणी चालली होती. मी गाडीत मोठमोठ्यानं गात होतो. गाणं अर्ध्यात सोडून दुसरं धरत होतो, कुणी नाव ठेवायला नव्हतं. फोनमधली बाई "शंभर मीटरवर उजवीकडे वळा" म्हणाली की मी "व्हय बाई" म्हणत होतो आणि मुद्दाम सरळ जात होतो. तिचा एवढा गोंधळ उडायचा की मला हसू आवरायचं नाही.

पण केज गेलं, माजलगाव आलं, तसं एक ध्यानात यायला लागलं. हा सगळा रस्ता आबांचा होता. दिवाळीनंतर आमचे लोक मेंढरं घेऊन याच बाजूनं वर सरकायचे, रात्री एखाद्याच्या शेतात कळप बसवायचे, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे, आणि गोदावरी आली की तिच्या काठानं मागं फिरायचे. नदीच्या पलीकडं आबा कधी गेले नाहीत. मी तो पूल दीड-दोन मिनिटांत ओलांडला. पलीकडं गाडी उभी करून घरी फोन लावला.

"आबांना दे जरा."

"बोलत न्हाईत," बायको म्हणाली. "तुमचं नाव काढलं की मेंढ्यांना चारा टाकायला जातेत. सकाळधरनं चारदा टाकला. त्या मेंढ्या फुगून मरतील आता."

पहिला मुक्काम अकोटला. दुसऱ्या दिवशी मेळघाट. पळस फुलून सगळा डोंगर पेटल्यासारखा दिसत होता. एका वळणावर रस्त्याच्या मधोमध रानगवा उभा. एवढं मोठं जनावर मी जन्मात बघितलं नव्हतं. पाठ माझ्या गाडीच्या टपाला लागेल, आणि पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. मी इंजिन बंद केलं. त्यानं अर्धा तास माझ्याकडं बघितलं. मी दोन धपाटे खाल्ले. मग त्याचं समाधान झालं असावं, तो बांबूत शिरला. पुढं ओढ्याच्या वाळूत अस्वलाचे ठसे दिसले, माणसाच्या पावलासारखे, पुढं नखांच्या रेघा. मी खाली वाकलो आणि "आबा, हे कालचे का आजचे?" असं चक्क मोठ्यानं विचारलं. एकट्यानं फिरायचं म्हणून एवढ्या लांब आलो होतो आणि शेजारच्या रिकाम्या सीटशी बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी परतवाडा, बैतूल, इटारसी करत सातपुड्याच्या त्या मोठ्या जंगलापाशी पोचलो. तिथं आधी होडीनं नदी ओलांडायची आणि पलीकडं जीप. एकट्या माणसाला दुसऱ्यांच्या जीपमध्ये जागा मिळते. सकाळी होडीपाशी गेलो तर माझ्या जीपची मंडळी बसली होती. मुलगा, सून आणि मुलाची आई. इंदूरचं मराठी कुटुंब. आईच्या हातात काठी, अंगावर स्वेटर, डोक्याला मफलर. मी त्यांच्याकडं बघतच राहिलो.

"कुठले तुम्ही?" आजींनी विचारलं.

"धाराशिव जिल्हा."

"अगं बाई, एवढ्या लांबून! एकटेच? घरी कोणी नाही का?"

"आहेत. बायको, मुलं, वडील."

"मग वडिलांना नाही आणलं?"

"त्यांना झेपलं नसतं," मी म्हणालो.

"मला झेपतंय की! ब्याऐंशी पूर्ण. दोन्ही गुडघे बदललेले."

"आई, हळू. आवाज नाही करायचा इथे," मुलगा कुजबुजला.

"का? वाघाला मराठी समजतं का?"

सगळी होडी हसली. मीही हसलो. जीपमध्ये चढताना आजींना गाईडनं एका हातानं आणि मी दुसऱ्या हातानं वर घेतलं. इतकं सोपं होतं ते.

तासभर गेला. सांबरं दिसली, एक अस्वल पाठ दाखवून गेलं. मग एका गवताळ मैदानाच्या कडेला गाईडनं हात वर केला आणि ड्रायव्हरनं जीप थांबवली. मैदानात पंधरा-वीस चितळं चरत होती. पलीकडच्या झुडपातून तांबडी रानकुत्री बाहेर आली. तीन, मग चार. "शिकार होईल," गाईड हळूच म्हणाला, "हलू नका. असं बघायला लोक वर्षानुवर्षं येतात." सुनेनं कॅमेरा डोळ्याला लावला. मागं आणखी दोन जीप येऊन थांबल्या. पानही हलत नव्हतं.

समोरची चार कुत्री नुसती उभी होती. चितळं त्यांच्याकडं बघत होती. आणि मला दिसलं की दोन कुत्री गवतातून वाकून मागच्या बाजूला चालली आहेत, जिथं एक पाडस आईपासून सुटलं होतं. लांडगे असंच करतात. समोर दिसायचं आणि मागून उचलायचं.

आमच्यात लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं. लांडगा दिसला की आधी ओरडायचं, विचार मागून करायचा. कळप कुणाचाही असो. ज्यानं बघितलं त्यानं हाळी द्यायची, ज्यानं ऐकली त्यानं पुढं द्यायची. मी शेवटची हाळी दिली त्याला पस्तीस वर्षं झाली असतील. मला वाटलं होतं ती गेली.

मी सीटवर उभा राहिलो, गळ्यातला टॉवेल काढून डोक्यावर फिरवला आणि पोटातून ओरडलो, "हाऽऽड! हाऽऽड! लांडगं आलं रंऽऽ! हाऽऽड!"

मैदान एका क्षणात रिकामं झालं. चितळं एकीकडं, कुत्री दुसरीकडं, झाडावरची माकडं वरच्या फांदीला. पाडस आईच्या पोटाला चिकटून पळताना दिसलं. मग काहीच नाही. माझ्या हातात टॉवेल तेवढा होता.

सुनेनं कॅमेरा खाली घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी आजही ते सांगू शकत नाही. मागच्या जीपमधला एकजण हात जोडून म्हणाला, "भाईसाहब, घर से यही सोच के निकले थे?" गाईडनं मला बजावलं की आता एक शब्द जरी काढलात तर गेटवर उतरवीन. त्याचं बरोबर होतं. ती कुत्रीही उपाशी होती, त्यांचीही पिल्लं कुठंतरी वाट बघत असतील, तेही पाप मी पदरात घेतलं. फक्त आजी हसत होत्या. एका हातानं कवळी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "काय हो तुमचा आवाज!" त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणे मला हळू बोला!"

"मी नाही म्हणालो, तुमचा मुलगा म्हणाला."

"ठीक आहे, पण आता त्याचं काही चालणार नाही."

दुपारी नदीकाठी बसून घरी फोन लावला.

"आबांना सांग, मी जंगलात लांडग्याची हाळी दिली."

"काय दिली?"

"हाळी. सांग तू."

फोन लगेच आबांच्या हातात गेला. तीन दिवसांत पहिल्यांदा. "कुटं? लांडगं हाईत तितं?"

मी सगळं सांगितलं. ते मधे मधे विचारत होते. वारा कुठनं होता, किती होती, मागून किती गेली. "आन् पाडस?"

"वाचलं."

"मंग झालं की. कसा वरडलास? वरड बगू."

"आबा, इथं माणसं आहेत."

"असूं देत."

मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो. होडीवाले वळून बघायला लागले.

"छ्या! गळ्यातनं काढतूस. बेंबीपसनं यायला पायजे," असं म्हणून त्यांनी फोनमध्ये अशी काही हाळी दिली की मी फोन कानापासून लांब धरला. तिकडून बायकोचा आवाज आला, "आवो काय झालं? साप निघाला का?" मग आबा आणि मी दोघंही हसत सुटलो. आम्ही असे बरोबर कधी हसलो होतो, मला आठवेना.

तेव्हाच सांगून टाकलं. "आबा, तो नियम खोटा होता. आज माझ्या जीपमध्ये ब्याऐंशी वर्षांच्या आजी होत्या."

फोन कटला का म्हणून मी पडद्याकडं बघितलं.

"मंजी मला न्यायचं न्हवतं तुला."

"व्हय."

"का रं?"

"लाज वाटत होती. तुमी मोठ्यानं बोलता म्हणून."

हे वाक्य बोलताना मला नदीत उडी मारावीशी वाटली. फोनमध्ये पलीकडं मेंढीनं बें केलेलं ऐकू आलं.

"आन् आज कोन वरडलं?" आबांनी विचारलं.

"मी."

"मंग आता कुनाची लाज वाटती?"

मी टॉवेलनं तोंड पुसलं. ते म्हणाले, "किती दिवस लागतेत म्हागारी याला?"

पुढचं कान्हा, बांधवगड सगळं सोडलं. पाच दिवसांची रजा शिल्लक धरून मी दोन दिवसांत माकणीला आलो, एक दिवस झोपलो आणि आबांना पुढच्या सीटवर बसवून पुन्हा निघालो. गोदावरीच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, कठड्याला धरून दोन्ही काठ बघितले आणि "हितनं म्हागारी फिरायचो आमी" म्हणून परत येऊन बसले. पलीकडच्या प्रत्येक गावाचं नाव त्यांनी मला विचारलं. रजा संपली तेव्हा साहेबांना फोन करून खरं कारण सांगितलं आणि आणखी तीन दिवस मागून घेतले.

जंगलात दुसऱ्या सकाळी वाघ निघाला. गाईड तोच होता आणि मला बघून त्यानं आधी कपाळाला हात लावला होता. वाघ एका नाल्याच्या काठानं, उंच गवताच्या कडेनं चालत होता. जीपमधले सगळे बोट दाखवायला लागले. आबांना काही सापडेना. नळीतून बघणाऱ्या माणसाला बोटाचा काय उपयोग? ते इकडं तिकडं मान फिरवत होते, आणि वाघ चालला होता.

मी मागून त्यांची हनुवटी दोन्ही हातांत धरली. आबांच्या चेहऱ्याला मी याआधी कधी हात लावलेला नव्हता. दाढीचे खुंट वाढलेले, कातडी सैल. हळूहळू त्यांचं तोंड उजवीकडं फिरवलं, थोडं खाली, आणि वाघ जसा सरकेल तसं सरकवत राहिलो.

माझ्या हातांत त्यांचा जबडा थांबला.

"हाय," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजले असतील. "म्हातारा हाय. मागला उजवा पाय जपून टाकतोय बग."

गाईडनं दुर्बीण लावली, बघितलं आणि मान डोलवली. वाघ नाल्यात उतरला, दिसेनासा झाला, परत वर आला, खाली बसला. मी हनुवटी सोडली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"सोड की आता," आबा म्हणाले. "बसला हाय त्यो, कुटं जातोय. माजी मान आकडली."